वाडीतल्या आंब्यावरून इतिहास कसा शिकवावा

प्रश्न असा आहे: रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माध्यमिक शाळेत आठवी-नववीच्या मुलांना आपल्या भागातल्या आंबा लागवडीचा इतिहास स्थानिक साधनांवरून शिकवायचा आहे. जवळपास संग्रहालय नाही, सहलीला पैसे नाहीत. कोणती साधने घ्यावीत, किती वेळ लागेल आणि कुठे फसायला होते?

सुरुवात झाडापासून करा, पोर्तुगीजांपासून नको. "हापूस पोर्तुगीजांनी आणला" हे वाक्य पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिले की पुढे वर्षभर मुले तेच वाक्य शोधत राहतात आणि सगळीकडे तेच सापडल्याचा आनंद मानतात. त्याऐवजी एकच प्रश्न द्या: आपल्या वाडीतले हे आंबे कधी, कोणी आणि का लावले? मग एकाच वाडीपुरती झाडे, कागद, माणसे आणि अवजारे एकमेकांसमोर ठेवा. आख्ख्या कोकणाचा इतिहास घेतलात तर मुले पुस्तकातून उतरवून काढतील. वाडीचा घेतलात तर उतरवायला काही नसतेच.

सातवी-आठवीच्या इतिहासात 'इतिहासाची साधने' हा धडा आहे आणि दहावीला 'उपयोजित इतिहास'. हा उपक्रम त्या धड्यांचाच भाग म्हणून आखलात तर वेगळे तास मागावे लागत नाहीत. भूगोल आणि विज्ञानाच्या शिक्षकांचे दोन-दोन तास मात्र आधीच मागून घ्या.

झाडे वाचायला शिकवणे

कोकणातल्या बहुतेक वाड्यांत लागवडीचे तीन-चार थर आजही उभे दिसतात. घरामागे, पाणंदीच्या कडेला किंवा देवराईत असतो तो रायवळ: कोयीपासून उगवलेला, खोड सरळ, पहिली फांदी बरीच वर. प्रत्येक रायवळाची चव, आकार, रेषा वेगळ्या, म्हणून त्याला घरचे नाव असते: शेपूसारख्या वासाचा शेपू, गोड तो साखऱ्या, लोणच्याचा तो लोणच्याचाच. दुसरा थर जुन्या भेट कलमांचा, म्हणजे कुंडीतले रोप मोठ्या झाडाच्या फांदीला बांधून केलेल्या कलमांचा. ही झाडे बुटकी, पसरलेली असतात आणि बुंध्याशी वीतभर उंचीवर सांधा दिसतो. सांध्याच्या खालची आणि वरची साल वेगळी असते, कधी जाडीही बदलते. तिसरा थर सरळ ओळीतल्या बागांचा, दोन्ही बाजूंनी १० मीटर अंतर, म्हणजे हेक्टरी १०० झाडे. यातल्या बऱ्याच बागा कातळावर सुरुंग लावून खड्डे काढून, बाहेरून माती आणून भरून केलेल्या आहेत. अलीकडची घन लागवड ५ मीटर अंतरावर असते, हेक्टरी ४००.

पहिला फेरफटका ९० मिनिटांचा ठेवा. ४० मुलांचे आठ गट, प्रत्येक गटाला चार झाडे, म्हणजे एका दिवसात ३२ झाडांची नोंद होते. जास्त झाडे घेऊ नका, नोंदी ढिल्या पडतात. प्रत्येक झाडाला एक कागद: झाडाचे चालू नाव आणि ते कोणी सांगितले, जागा (परस, बांध, वरकस म्हणजे भरड पिकांचा डोंगरउतार, कातळ), कलम की कोयीचे आणि असे का वाटते, खोडाचा घेर, डेऱ्याचा (फांद्या-पानांच्या पसाऱ्याचा) विस्तार दोन दिशांना, आणि लावल्याचे माहीत असलेला साक्षीदार. "असे का वाटते" ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची आहे, ती रिकामी ठेवू देऊ नका.

घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजतात. उतारावर असाल तर वरच्या बाजूने उंची धरायची. कलमाला त्याच्या आतच फांद्या फुटलेल्या असतात, तेव्हा फाट्याच्या खाली जिथे खोड सर्वांत बारीक आहे तिथे मोजा आणि ती उंची लिहा. शिवणकामाची टेप चालते. सुतळीने मोजून नंतर पट्टीवर धरलेत तर सुतळी ताणल्याने दोन-तीन सेंटीमीटरचा फरक सहज पडतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे घेराला कुठल्याशा आकड्याने गुणून वय काढणे. इंटरनेटवर असे आकडे मिळतात, ते थंड प्रदेशातल्या झाडांसाठी आहेत. आपल्याकडे आंब्याला वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा पालवी येते, खोडातली वलये वर्षाच्या हिशोबाने भरवशाची नसतात, आणि कातळावरचे चाळीस वर्षांचे कलम परसातल्या वीस वर्षांच्या झाडापेक्षा बारीक असू शकते. छाटून पुनरुज्जीवन केलेल्या जुन्या बागेत खोड जाड आणि डेरा लहान असे उलटे चित्र दिसते. म्हणून घेर फक्त एकाच जागेतल्या झाडांची आपापसांत तुलना करायला वापरा, वय साक्षीदाराकडून आणि कागदावरून काढा. मुलांना हे समजले की पुरावा कशाचा आहे आणि कशाचा नाही यातला फरक त्यांच्या हाताला लागतो, आणि तो धड्यातून कधी इतका स्वच्छ लागत नाही.

फेरफटक्यानंतर संगणक असेल तर गूगल अर्थवर त्याच वाडीची जुनी उपग्रहचित्रे उघडा. कलमांच्या बागा ओळीने ठिपक्यांसारख्या दिसतात, रायवळ विखुरलेला आणि मोठ्या डेऱ्याचा. साधारण २०००नंतरचीच चित्रे स्पष्ट मिळतात, त्यामुळे त्याआधीच्या काळासाठी ती पुरावा नाहीत हे चित्राखाली लिहून ठेवायला सांगा.

कागद: कुठे, कोणते, कसे वाचायचे

घरातला सगळ्यांत बोलका कागद म्हणजे आडत्याची पट्टी. मुंबईच्या बाजारात माल विकल्यावर दलाल बागायतदाराला पाठवतो तो हिशोब: किती पेट्या, कोणता भाव, त्यातून आडत, हमाली, वाहतूक वजा जाता हाती किती. पूर्वी हा माल क्रॉफर्ड मार्केटला जायचा, १९९०च्या दशकात फळबाजार नवी मुंबईला वाशीत गेला. दोन वेगवेगळ्या दशकांतल्या पट्ट्या मिळाल्या तर मुलांना एकच गणित द्या: शंभर रुपयांच्या विक्रीतले बागायतदाराला किती मिळाले? पेटीत किती डझन आंबे होते हे आधी विचारून घ्या. फळाच्या आकाराप्रमाणे पेटीत चार डझनांपासून आठ डझनांपर्यंत फळे बसतात, त्यामुळे पेटीच्या भावाची थेट तुलना चुकीची ठरते. पट्ट्या बहुधा जुन्या ट्रंकेत, देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात किंवा तारेला टोचून ठेवलेल्या असतात. मूळ कागद शाळेत आणू नका, घरीच उजेडात सपाट ठेवून फोटो काढा.

सातबारा सगळ्यांच्या ओळखीचा, म्हणून त्यावर जरा जास्तच विश्वास ठेवला जातो. नमुना बारामध्ये पिकाची नोंद असते, पण जुन्या काळी तीच नोंद वर्षानुवर्षे पुढे उतरवलेली आढळते. बांधावरची आणि परसातली झाडे बहुतेक वेळा नोंदलेलीच नसतात. आणि कोकणातली खास गोष्ट: ज्या कातळावर आज बाग आहे तो सातबाऱ्यावर 'पोटखराब' (लागवडीला अयोग्य) म्हणून दिसू शकतो, कारण मोजणी झाली तेव्हा तिथे शेती होतच नव्हती. मुलांना ही विसंगती आपणहून सापडू द्या. आधी उतारा, मग प्रत्यक्ष जागा, मग "कागद खोटा की बाग नवी?" हा प्रश्न. वरकस जमिनीच्या नोंदींबाबतही हेच करा. या उतारांवर नाचणी, वरी, हरीक ही पिके घेतली जात. ती जाऊन कलमे कधी आली, हे फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी) आणि आजीचे सांगणे एकत्र ठेवल्याशिवाय कळत नाही. चालू उतारे महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर दिसतात, जुने स्कॅन केलेले अभिलेख ऑनलाइन शुल्क भरून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज देऊन मिळतात. अर्जाला वेळ लागतो, जूनमध्येच द्या.

जमिनीच्या कायद्यांची दोन वर्षे मुलांना माहीत हवीत: खोती (गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची वतनी पद्धत) रद्द करणारा कायदा १९४९चा, आणि कूळ कायद्याने कुळांना (दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना) मालकी मिळण्याचा दिवस १ एप्रिल १९५७. कलम लावल्यावर भरघोस उत्पन्न यायला आठ-दहा वर्षे जातात. जमीन आपली राहील की नाही याची खात्री नसलेला माणूस असे झाड लावेल का? हा प्रश्न मुलांपुढे ठेवा आणि वाडीतल्या सर्वांत जुन्या बागा कोणाच्या होत्या, १९५७नंतरच्या कोणाच्या, हे त्यांनाच तपासू द्या. उत्तर गावागणिक वेगळे येते. ते आधी सांगून टाकू नका.

छापील साधनांत 'बॉम्बे गॅझेटिअर'चा दहावा खंड, 'रत्नागिरी आणि सावंतवाडी', १८८०चा, आणि रत्नागिरी जिल्ह्याचे १९६२चे गॅझेटिअर. दोन्ही संगणकावर मोफत वाचता येतात. इंग्रजी आहेत, म्हणून शेती आणि झाडांविषयीची दोन-तीन पानेच निवडा आणि त्याचा सोपा मराठी गोषवारा तुम्ही करून द्या. इथे एक सापळा आहे: सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ला झाला. त्याआधीच्या कागदांतले 'रत्नागिरी' म्हणजे वेंगुर्ल्यापर्यंतचा मुलूख. जुन्या रत्नागिरीचा आकडा घेऊन आजच्या रत्नागिरीशी ताडला तर लागवड घटल्यासारखी दिसते, आणि मुले त्यावर निबंधही लिहून मोकळी होतात. रायगडचे जुने नाव कुलाबा आणि पालघर २०१४पर्यंत ठाण्यात होते, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा.

मोडी कागद घरात निघाले तर हुरळून जाऊ नका. वाटपपत्रात झाडांची वाटणी लिहिलेली असू शकते, तो फार मोलाचा कागद. पण मुलांना मोडी वाचायला लावून दोन महिने घालवण्यापेक्षा जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि वर्गात एकच ओळ मोडी व देवनागरी अशी शेजारी शेजारी द्या.

ऐकीव कथा आणि मूळ मजकूर

आता पोर्तुगीज. आंबा या भूमीचाच आहे, तो कोणी आणलेला नाही. १५१०मध्ये गोवा घेतल्यानंतर पोर्तुगीजांच्या, विशेषतः तिथल्या पाद्र्यांच्या हाताखाली भेट कलमाने निवडक आंबे टिकवण्याची रीत रुजली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. कलम करणे ही कल्पना मात्र त्याआधीही इथे होती. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तल्या वृक्षायुर्वेदाच्या अध्यायात फणस, डाळिंब, द्राक्ष अशा झाडांची कलमे करण्याविषयी सांगितले आहे. गोव्यातला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता १५६३च्या ग्रंथात आंब्याविषयी लिहितो, आणि मुंबई बेटावरच्या आपल्या जागेतला एक आंबा वर्षातून दोनदा फळतो असेही सांगतो.

हापूसचे नाव गोवा घेणारा पोर्तुगीज सेनानी अफोंसो द अल्बुकर्क याच्यावरून पडले ही कथा सगळ्यांना पाठ असते. तिच्याशेजारी इटालियन प्रवासी मनुचीचा मजकूर ठेवा. १७००च्या आसपास लिहिताना तो गोव्यातल्या नावाजलेल्या आंब्यांची यादी देतो, आणि तिच्यात 'निकुलाव अफोंसो'चा आंबा आहे. म्हणजे अफोंसो नावाचा दुसराही एक दावेदार आहे. वर्गात निकाल लावायची गरज नाही. कोणता मजकूर घटनेच्या किती जवळचा आहे, एवढे विचारा.

दुसरा नमुना 'आज्ञापत्रा'चा, म्हणजे मराठी राज्यकारभारावरच्या जुन्या ग्रंथाचा. आरमारासाठी लाकूड तोडताना आंबा-फणसाच्या झाडांना हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि एखादे जीर्ण झाड घ्यायचेच झाले तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा त्याचा आशय. समाजमाध्यमांवर हा मजकूर शिवाजी महाराजांचे पत्र म्हणून फिरतो. तो रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तला आहे, १७१५-१६च्या सुमाराचा. शिवकालीन धोरणाची परंपरा त्यात आहे, पण पत्र महाराजांचे नाही. मुलांच्या मनातला आदर जराही न दुखावता हे सांगता येते: ज्याने लिहिले त्याचे नाव लिहिणे हाच मजकुराचा मान.

२०१८मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी. त्याच्या अर्जातली ऐतिहासिक माहिती भौगोलिक मानांकनाच्या सरकारी जर्नलमध्ये छापली जाते. नववीच्या हुशार गटाला ती द्या आणि त्यातल्या कोणत्या विधानाला मूळ कागदाचा आधार दिला आहे, कोणत्याला नाही, यावर खुणा करायला सांगा.

कोय कलम: जून-जुलैमधले प्रात्यक्षिक

लागवडीच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल हाताने करून पाहता येतो, म्हणून हे प्रात्यक्षिक टाळू नका. भेट कलमात कुंडीतले रोप मातृवृक्षाच्या फांदीपर्यंत न्यावे लागे, बहुधा मांडव घालून. दोन्हींची साल काढून बांधायचे, सांधा जुळेपर्यंत दोन-तीन महिने पाणी घालायचे. एका झाडावर किती कलमे होणार याला मर्यादा होती, म्हणून हापूसही हळूहळू पसरला. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) त्या दशकात कोय कलमाची रीत कोकणासाठी नीट बसवून दिली. आता काडी कापून रोपाकडे नेता येते, एका पावसाळ्यात एकाच मातृवृक्षापासून शेकडो कलमे होतात. १९९०मध्ये रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवडीला शंभर टक्के अनुदान सुरू झाले तेव्हा लागणारी लाखो रोपे या रीतीमुळेच पुरवता आली. रीत आणि योजना एकत्र आल्या आणि ओसाड कातळांवर बागा दिसू लागल्या.

कृती अशी. मे अखेरीस खाल्लेल्या रायवळ आंब्यांच्या कोयी धुऊन आठवड्याच्या आत लावा. आंब्याची कोय वाळली की उगवण झपाट्याने घटते, त्यामुळे सुट्टीत जमवून जून अखेरीला लावलेल्या कोयी निम्म्याहून जास्त वाया जातात. पाण्यात बुडतील त्या घ्या, तरंगतील त्या टाका. गादीवाफ्यावर लावून वर पेंढा पसरा. रोप वर आल्यापासून दहा-पंधरा दिवसांचे, पाने अजून तांबूस असतानाच कलमाला योग्य असते. पाने हिरवी झाली की उशीर झाला.

काडी तीन-चार महिन्यांच्या शेंड्याची, पेन्सिलीएवढी जाड, १० ते १५ सेंटीमीटर. कापण्याआधी आठ-दहा दिवस तिची पाने देठ राखून छाटायला सांगा, म्हणजे डोळा फुगतो. रोप कोयीच्या वर ६ ते ८ सेंटीमीटरवर कापायचे, मधोमध ३ ते ४ सेंटीमीटर चीर द्यायची, काडीला तेवढ्याच लांबीची पाचर करायची, ती चिरेत बसवून निदान एका बाजूची साल सालीला तंतोतंत भिडवायची आणि प्लॅस्टिकच्या दोन सेंटीमीटर पट्टीने घट्ट बांधायचे. मग पिशवीत लावून सावलीत ठेवायचे. सुरीचे काम रोपवाटिकेतला माळी किंवा शिक्षक करील. मुलांनी बांधायचे, लेबल लावायचे, रोज नोंद ठेवायची. दोन-तीन आठवड्यांत फूट दिसते.

मेलेली कलमेही शिकवतात. आठवड्याभरात काडी काळी पडली तर सांध्यात पाणी शिरले. काडी हिरवी राहते पण फुटत नाही, तेव्हा सालीला साल भिडली नव्हती किंवा काडीचा डोळा तयार नव्हता. रोपच सुकले तर उपटताना मूळ दुखावले.

काड्या हापूसच्या घेऊ नका, गावाला आवडणाऱ्या एखाद्या जुन्या रायवळाच्या घ्या. हापूस कोणत्याही रोपवाटिकेत मिळतो. तो शेपू किंवा साखऱ्या मात्र जगात एकच झाड आहे, आणि ते वादळात पडले की संपले. त्याच झाडाच्या काही कोयीही शेजारी लावा. एखाद्या कोयीतून दोन-तीन रोपे फुटली तर ती जपून नोंदवा, काही आंब्यांत अशी बहुभ्रूणता असते आणि त्यातली रोपे आईसारखी निघू शकतात.

माणसांशी बोलणे

मुलाखतीला तिघे पुरेत: एक विचारणारा, एक लिहिणारा, एक मोबाइल सांभाळणारा. वेळ अर्धा-पाऊण तास, प्रश्न दहा-बारा. "तुमच्या काळी आंब्याचे काय महत्त्व होते?" असा प्रश्न विचारला की भाषण मिळते. त्याऐवजी वस्तू हातात घेऊन विचारा: हा झेला (आंबे काढायची जाळी लावलेली काठी) कोणी केला, जाळी कशाची, पाते कुठले? आढी (पिकायला रचलेले आंबे) कोणत्या खोलीत लावायचे, खाली पेंढा किती, आंबा तयार झाल्याचे वासावरून कोण ओळखायचे? पेटी कुठल्या लाकडाची, त्यावर मार्का काय होता? पूर्वीचा झेला आणि दापोलीचा 'नूतन झेला' शेजारी ठेवले तर देठासकट फळ काढणे का गरजेचे, चीक फळावर सांडला की काय होते, हे जाणते माणूस आपोआप सांगू लागते.

साल कोणालाच आठवत नाही, म्हणून साल विचारू नका. ठळक घटना द्या आणि "त्याच्या आधी की नंतर?" असे विचारा. १७ जुलै १९४७ला बुडालेली रामदास बोट, ११ डिसेंबर १९६७चा कोयनेचा भूकंप, १९७२चा दुष्काळ, १९९८ला पूर्ण सुरू झालेली कोकण रेल्वे, नोव्हेंबर २००९चे फयान, ३ जून २०२०चे निसर्ग आणि मे २०२१चे तौक्ते ही चक्रीवादळे. या खुणांच्या मध्ये झाडे बसवत गेले की वाडीचा कालपट तयार होतो. दोन माणसांची उत्तरे जुळली नाहीत तर दोन्ही लिहा.

बोली तशीच लिहा, मालवणी असो वा संगमेश्वरी. "शुद्ध" करताना नेमके कामाचे शब्द गळतात.

फक्त बागायतदारांशी बोललात तर अर्धाच इतिहास हाती येतो. आंबापोळी, साठे, लोणची हे सगळे बायकांच्या हातचे, आणि रायवळ टिकला तो बऱ्याच अंशी त्यामुळे. फवारणी, काढणी, पेट्या भरणे करणारे मजूर, आणि गेल्या काही दशकांत बागेत राखणीला राहणारे नेपाळी कामगार, यांच्याकडे बागेची वेगळीच माहिती असते. प्रत्येक गटाच्या यादीत किमान एक बाई आणि एक मजूर असलाच पाहिजे असा नियम करा.

आणि एक कळकळीची सूचना. काही घरांत जमीन एकाची, झाड दुसऱ्याचे किंवा फळाची पाळी वाटून घेतलेली असते. "हे झाड कोणाचे?" या निरागस प्रश्नावरून भाऊबंदकी पेटल्यास उपक्रम तिथेच थांबतो. मुलांना "हे झाड कोणी लावले असे सांगतात?" असे विचारायला शिकवा. प्रदर्शनात सातबाऱ्यावरची नावे, गट क्रमांक झाका. मुलाखत आणि फोटो वापरण्याची संमती आधी घ्या, ती कागदावर घ्या.

वर्षाचे वेळापत्रक

आंब्याचा हंगाम आणि शाळेचे वर्ष यांचा मेळ बसत नाही, हे आधीच मान्य करा. मार्च ते मे बागायतदार कोणाशी बोलायला मोकळा नसतो, तेव्हा तुमच्याकडे परीक्षा आणि मग सुट्टी. म्हणून जून-जुलैत कोय कलम, पावसात वर्गात बसून कागद आणि गॅझेटिअर, नवरात्र ते दिवाळीच्या दरम्यान झाडांचा फेरफटका आणि मुलाखती. डिसेंबर-जानेवारीत मोहोर पाहायला एक छोटी फेरी पुरे. त्या काळात तुडतुडे या किडीसाठी आणि भुरी या रोगासाठी फवारण्या चालू असतात. मालकाला विचारून, फवारल्याच्या दिवशी आणि पुढचे काही दिवस बागेत पाऊल टाकू नका. बूट हवेतच, गवतात साप असतो. चिकाने कातडीला फोड येतात, म्हणून कोणाला कैऱ्या तोडू देऊ नका.

मे महिन्याचे घरचे काम एकच ठेवा. पुढच्या वर्गात जाणाऱ्या प्रत्येकाने घरच्या एका रायवळाची पाच फळे वजन करून, साल, गर, कोय वेगवेगळे तोलून लिहायचे, आणि कोय साफ करून वाळवून, झाडाचे नाव लिहून आणायची. दोन-तीन वर्षांत शाळेकडे कोयींचा संग्रह तयार होतो. वाळवी लागू नये म्हणून कोयी कडक उन्हात चार-पाच दिवस ठेवून मग झाकणाच्या बरणीत भरा.

गुण देताना सुंदर तक्त्याला नव्हे तर नोंदवहीला द्या. वीस गुणांपैकी दहा असे: प्रत्येक विधानासमोर साधन लिहिले आहे का, दोन साधने विसंगत निघाली तेव्हा मुलाने काय केले. प्रदर्शन फेब्रुवारीत लावा, गावातल्या माणसांना बोलवा आणि प्रत्येक तक्त्याखाली कोरी जागा सोडा. लोक तिथे दुरुस्त्या लिहितात. त्यातल्या निम्म्या दुरुस्त्या नव्या मुलाखतींचे धागे असतात.

तयार नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला द्या. २००२च्या जैवविविधता कायद्यान्वये लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे हे तिचे काम आहे. प्रत झाडाचे नाव, जागा, वापर, साक्षीदार अशा रकान्यांतच द्या, म्हणजे नोंदवहीत थेट चढवता येते. एखादा रायवळ खरोखर वेगळा वाटला, वर्षाआड न फळणारा किंवा उशिरा येणारा, तर वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राला किंवा दापोलीच्या विद्यापीठाला पत्र लिहा. पत्र मुलांनाच लिहू द्या. सोबत झाडाचा, फुलोऱ्याचा आणि कापलेल्या फळाचा फोटो, पाच फळांची वजने आणि तीन हंगामांच्या फळण्याच्या नोंदी जोडा. एकाच हंगामाच्या नोंदीवरून त्यांना काही ठरवता येत नाही, म्हणून या पत्राची तयारी आठवीत सुरू करून दहावीत पाठवायचे, असे धरून चाला.